आमच्या घरात कुणालाच नाही

माझ्या भावाला चौदा पिढ्या तोंडपाठ आहेत. लहानपणी आम्ही दोघं चुलीपुढे बसायचो आणि बाबा त्याच्याकडून म्हणवून घ्यायचे: ब्लाझो मिलोनियाचा, मिलोनिया राडोयेचा, राडोये वुकोताचा. असं मागे मागे जात थेट त्या माणसापर्यंत, ज्याने तुर्कांच्या हातून निसटून आमच्या डोंगरावर पहिला दगड रचला. ब्लाझो अडखळला की मी मागून हळूच सांगायचे, कारण ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. मला मात्र कुणी कधी म्हणायला लावलं नाही. मुलीने म्हणून करायचं काय, ती जाणार दुसऱ्याच्या घरी. त्याचं मला वाईट वाटायचं असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू? गेल्या ऑक्टोबरपर्यंत तरी नव्हतं वाटलं.

ऑक्टोबरात मी बटाटे आणायला माहेरी गेले होते. मी राहते खाली निकशिच शहरात, चौथ्या मजल्यावर, नवऱ्याच्या माघारी एकटी. गाव वर डोंगरात. बसमधून उतरले तर सगळा गाव बंद पडलेल्या शाळेपुढे जमलेला. शहरातल्या दवाखान्यातून एक नर्स आली होती, वजनकाटा आणि मोजपट्टी घेऊन. पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना बोलावलं होतं. साखरेचं दुखणं कुणाला झालंय ते बघायला नव्हे, पुढे कुणाला व्हायचा धोका जास्त आहे ते आधीच हुडकायला.

"म्हणजे ज्योतिषीणबाईच की," आमचा शेजारी म्हणाला. "पोरी, मला दुसरी बायको मिळेल का तेही सांग."

"पहिलीच किती दिवस टिकते ते आधी बघा, काका," नर्स म्हणाली. सगळे हसले. तिचं नाव सेन्का, समुद्राकाठची पोर, तोंडाची धीट. मला आवडली.

आत वर्गात ब्लाझो रांगेत होता. मी त्याच्याजवळच्या बाकावर बसले. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत माझ्या गोळ्या. त्याची पाळी आली तेव्हा त्याने पट्टा सोडला, हात वर केले आणि श्वास आत ओढला.

"पोट आत घेऊ नका, काका."

"हे पोट नाही, पोरी. ही छाती आहे. जरा खाली सरकलीये."

मोजपट्टी फिरली. सेन्काने आकडा लिहून घेतला आणि विचारायला लागली. रोज अर्धा तास चालता का? ब्लाझो म्हणाला, मी जन्माचा धनगर आहे. मेंढ्या विकून किती वर्षं झाली आणि आता तो वरच्या कुरणावरसुद्धा जीपने जातो हे त्याने सांगितलं नाही. भाजी रोज खाता का? बटाटा भाजीतच येतो ना, म्हणाला. रक्तदाबाची गोळी? गोळी फक्त शत्रूला मारायची असते, म्हणाला. त्यावरही हशा झाला. मग तिने विचारलं, "तुमच्या घरात कुणाला साखर होती किंवा आहे?"

मी पिशवी उचलली. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बोट करणार. मला साखर होऊन नऊ वर्षं झाली. मी पहिल्यांदा चक्कर येऊन पडले तेव्हा याच ब्लाझोने मला उचलून दवाखान्यात नेलं होतं. आणि आई? आमची आई तर त्याच दुखण्याने गेली. आधी डोळे गेले, मग पायाची बोटं काळी पडली, मग पाय. अख्ख्या गावाने ते बघितलं होतं.

ब्लाझोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी काढली, छताकडे नजर लावली आणि सुरू झाला. ब्लाझो मिलोनियाचा, मिलोनिया राडोयेचा. चौदाच्या चौदा. असं कुणी म्हणायला लागलं की आमच्याकडे माणसं बोलायची थांबतात.

"यातल्या एकालाही साखर नव्हती," त्याने शेवटी सांगितलं. "बहुतेक लढाईत पडले. एकावर वीज पडली. एक अंथरुणात मेला, पण त्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही. लिही पोरी, आमच्या घरात कुणालाच नाही."

सेन्काने लिहिलं. बेरीज केली. "मध्यम धोका," ती म्हणाली. "वजन उतरवा, चालायला लागा. रक्त तपासायची आत्ता गरज नाही, पुढच्या वर्षी परत बघू."

लोकांनी त्याची पाठ थोपटली, जणू त्याने बैल उचलला होता. ब्लाझोने सगळ्यांना घरी राकिया, आमची फळांची दारू, प्यायला बोलावलं.

तेव्हाच का बोलली नाहीस, असं मला नंतर माझ्या शेजारणीने विचारलं. काय बोलू? गावच्या पुरुषांपुढे बहिणीने भावाला खोटं पाडायचं? आमच्याकडे त्यापेक्षा बहीण जीभ चावून तोडेल. आणि खरी गोष्ट अशी, की तो खोटं बोलतच नव्हता. तेच तर मला लागलं. लपवलं असतं तर मी समजू शकले असते. त्याच्या डोक्यात आम्ही दोघी आलोच नव्हतो.

माणसं पांगल्यावर मी त्याला अंगणात गाठलं. तो माझ्यासाठी धुराच्या खोपीतून सुकवलेल्या मांसाचा तुकडा काढत होता, सगळ्यात चांगला.

"ब्लाझो, आईला साखर होती."

"होती की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तिने आमच्या घरातलं विचारलं. आई नदीपलीकडची. त्यांच्याकडे सगळ्यांनाच होतं ते."

"आणि मी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मेंढी उडते का असंच जणू मी विचारलं होतं. "तू लग्न करून तोमाशेविचांची झालीस. तुझं दुखणं तुझ्या घरचं."

"अरे मूर्खा, आपण एका पोटातून आलो!"

"ते कोण नाही म्हणतंय? पण पोट वेगळं आणि घर वेगळं, बाई." आणि त्याने तो तुकडा कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबला. वर म्हणतो, "जपून ने, खाली ठेवू नकोस, बसमध्ये कुत्री असतात."

हा आमचा ब्लाझो. मागितलंत तर काळीज काढून देईल, पण मोजणीत जागा देणार नाही. कारण अशी जागा असते हेच त्याला ठाऊक नाही.

बसमध्ये शेजारच्या बाईने बटाट्याचा भाव विचारला. मी सांगितला तर तिला खरा वाटेना. मी सवयीने म्हणायला गेले, "भावाची शपथ," आणि माझी जीभ अडली. आमच्याकडे बायका देवाची शपथ घेत नाहीत, पोरांचीसुद्धा नाही. भावाची घेतात. त्याच्या पुढे शपथ नाही. तीच मला घेता येईना. बाईने तोंड वाकडं केलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. खिडकीशी जायचे, परत ओट्याशी यायचे, दूध उतू जायचं. डोळ्यांसमोर सारखी तीच गोष्ट. त्या दिवशी जेवताना ब्लाझोने पाण्याचा तांब्या रिकामा केला होता, आणि मग दुसराही. जेवता जेवता पेंगला होता. आईचंही असंच सुरू झालं होतं. ती विहिरीवर जाऊन बादलीलाच तोंड लावायची आणि आम्ही हसायचो. आपली आई उंटीण झाली म्हणायचो.

मी सेन्काला फोन लावला. कोण, कुठली, सगळं सांगितलं.

"सख्खी बहीण?" तिने विचारलं. "आणि आईलाही? मावशी, हे त्यांनी सांगितलं असतं तर बेरीज कुठल्या कुठे गेली असती. ते जास्त धोक्याच्या माणसांत येतात. त्यांचं रक्त तपासायलाच हवं, आणि लवकर. घेऊन या त्यांना."

"तूच बोलव ना."

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "मी बोलावलं. दोनदा. मला म्हणाले, मध्यम म्हणालीस ना, आता शब्द फिरवू नकोस."

मग मी भावजयीला फोन केला. देसांका पंचेचाळीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिलीये, तिला सगळ्याचाच कंटाळा आलाय. "मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "लहानपणी सायीचं भांडं त्याच्यापुढे तूच ठेवायचीस. आता तूच काढून घे." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "तुला वाटतं तसं आहे का गं खरंच?" मी म्हटलं, माहीत नाही, म्हणूनच तर तपासायचं. तिने फोन ब्लाझोला दिला.

"बाई, त्या पोरीने लिहून दिलंय, मध्यम."

"तू अर्धंच सांगितलंस म्हणून मध्यम!"

"मी खोटं बोललो?"

"नाही, पण..."

"मग झालं." फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी परत वर गेले, न बोलावता. पिशवीत माझं रक्त तपासायचं छोटं यंत्र. देसांकाने बटाट्याचं घोटलेलं काचामाक केलं होतं, वर चीज वितळून तार धरलेलं. मी मुकाट्याने त्याचं जेवण होऊ दिलं, गोडीगुलाबीने गप्पा मारल्या आणि मग त्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं लाडाने घेतला. मी सुई काढली तसा त्याने हात असा हिसडला की पेला फुटला.

"हे काय?"

"एक थेंब, ब्लाझो. लहान पोरं देतात."

"मला लहान पोर केलंस? माझ्या घरात, माझ्या ताटावर?"

"तुला भीती वाटते."

हे म्हणायला नको होतं. आमच्याकडे पुरुषाला काहीही म्हणा, हे म्हणायचं नाही. तो उठला, त्याची मान लाल झाली. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी हळू बोलला. "रोसांदा, पाहुणी म्हणून आलीस, तर पाहुणीसारखी वाग."

पाहुणी! ज्या चुलीपुढे मी याला नावं पढवली, त्या चुलीपुढे! मी डोक्याचा रुमाल बांधला आणि निघाले. बस यायला वेळ होता. मी वळणावर येरझाऱ्या घालत राहिले, आणि रडले. रागाने रडले, पण फक्त रागाने असं म्हणता येणार नाही. देसांका पिशवीभर बटाटे घेऊन मागून धावत आली. मी ते घेतले नाहीत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे पितरांचा शनिवार असतो. उकडलेला गहू, मेणबत्त्या, राकिया घेऊन सगळे दफनभूमीत जातात, आपापल्या माणसांपाशी बसतात, आणि बायका आक्रोश गातात. मी त्यात नावाजलेली आहे. दुसऱ्या गावांतूनही मला बोलावणं येतं. मेलेल्या माणसाला त्याच्या नावाने हाका मारायच्या, त्याचं सगळं आयुष्य ओळीत गुंफायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की तो आता उठेल. हे शिकवून येत नाही. मला आईकडून आलं, नदीपलीकडून.

जाऊ नको असं मनाशी घोकत मी गेले. आईला गहू कोण वाहणार?

आईच्या थडग्याशेजारी ब्लाझोचा दगड आहे. म्हणजे तो अजून आहे, पण दगड उभा आहे. आमच्याकडे माणसं जिवंतपणी तयारी करून ठेवतात. काळा गुळगुळीत दगड, त्यावर ब्लाझोचं उभं चित्र कोरलेलं, जन्माचं वर्ष, एक रेघ, आणि पुढे कोरी जागा. कोरणाऱ्याला त्याने तरुणपणचा फोटो दिला होता, त्यामुळे दगडावरचा ब्लाझो चाकूसारखा सडपातळ. सेन्काची मोजपट्टी त्याच्याभोवती दोनदा फिरली असती. खरा ब्लाझो त्या दिवशी त्याच्या शेजारी उभा होता, हातात बाटली, कोटाचं बटण लागत नव्हतं. आणि कोट ताणला गेल्यामुळे मला दिसलं, की त्याची मान मात्र बारीक झालीये. आईची झाली होती तशी.

आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी आईला गहू वाहिला, मेणबत्ती लावली, गुडघ्यावर बसले आणि नेहमीसारखं तिला हाक मारून सुरू केलं. बायका जवळ सरकल्या. पुरुष टोप्या काढून मागे उभे राहिले. मी आईच्या डोळ्यांचं गायले, पायांचं गायले. आणि मग माझं मला काय झालं कळलं नाही, मी वळले. गुडघ्यावरच वळले, काळ्या दगडाकडे, त्या कोऱ्या जागेकडे.

*ऊठ ऊठ रे ब्लाझो, माझ्या पाठच्या बंधवा,*
*दारी कुत्रं वाट बघे, कोण घालील तुकडा?*
*पाय तुझे कुणी नेले, डोंगर चढणारे?*
*डोळे तुझे कुणी नेले, दूरचं बघणारे?*
*आईचे नेले ज्याने, त्यानेच नेले का रे?*

मागे कुणीतरी "देवा!" म्हणालं. जिवंत माणसाचा आक्रोश! असं कुणी करत नाही. शत्रूसुद्धा करत नाही. बायका मागे सरल्या, एका म्हातारीने तीन वेळा थुंकून छातीवर क्रूसाची खूण केली.

"रोसांदा, बास," ब्लाझोचा आवाज आला.

मी थांबले नाही. थांबता येतही नव्हतं.

*आंधळ्या आईला रोज उन्हात कुणी नेलं?*
*पाठीवर घेऊन, बंधवा, तूच ना रे नेलं?*
*तुला नेईल कोण आता, पाठ कुणाची आहे?*
*चौदा बाप मातीखाली, उठून येतील का रे?*

हे खरं होतं. आईला दिसेनासं झाल्यावर तो रोज सकाळी तिला पाठीवर घेऊन अंगणातल्या अक्रोडाखाली बसवायचा. ऊन सरकलं की परत उचलून सरकवायचा. गावात कुणी कधी त्याचा उल्लेख करत नाही. पुरुषाने केलेलं असं काम बोलून दाखवत नाहीत.

*बहिणी सगळ्या भावाची शपथ घेऊन चालल्या,*
*माझ्या ओठी शपथ आली...*

पुढची ओळ मला म्हणता आली नाही. मी इतक्या मयतींत गायलेय, माझी ओळ कधी अर्धी राहिली नव्हती.

बाटली दगडावर ठेवल्याचा आवाज आला. ब्लाझो निघाला होता. कुणाकडे न बघता, टोपी हातातच, खाली उताराने. लोकांनी त्याला वाट दिली.

"हात वाळतील तुझे," ती म्हातारी मला म्हणाली. "सख्ख्या भावाला गाडलंस."

देसांका माझ्याजवळ आली. मला वाटलं, मारते. तिने माझा हात धरून मला उठवलं, गुडघ्यावरची माती झटकली, आणि नवऱ्याच्या मागे गेली.

माहेर तुटलं, असं मी धरून चालले. पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. फोन वाजला की धावायचे, विजेच्या बिलाबद्दल असायचा. मी शेजारणीची खिडकी पुसून दिली, ती नको नको म्हणत असताना. दोन पावलं बाहेर, चार पावलं आत. मनात एकच, आपण त्याचं वाईट चिंतलं आणि ते लागलं तर? मी काही अडाणी नाही, असलं काही लागत नाही हे मला कळतं. पण मन ऐकेना.

मंगळवारी माझी नेहमीची तपासणी होती. दवाखान्यात गेले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि शेवटच्या खुर्चीवर ब्लाझो. लग्नाकार्याचा कोट, मांडीवर टोपी, मिशा पाण्याने बसवलेल्या. उपाशीपोटी यायला सांगितलेलं असणार, कारण चेहरा असा होता की समोर येईल त्याला खाल्लं असतं.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. त्याने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मी पिशवी उघडली, बंद केली.

"काका, या," सेन्काने दारातून हाक मारली. तो आत गेला. दार पूर्ण लागलं नाही.

"पुन्हा पहिल्यापासून विचारते हं," तिचा आवाज. "तुमच्या घरात कुणाला साखर होती किंवा आहे?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. तो उभा राहिला होता. बसून ते म्हणत नाहीत.

"ब्लाझो मिलोनियाचा," त्याने सुरू केलं, "मिलोनिया राडोयेचा, राडोये वुकोताचा..."

मी डोळे मिटले. झालं, म्हटलं. चौदाच्या चौदा म्हटले त्याने, त्याच आवाजात. तो थांबला. मी उठले, माझ्याने बसवेना. दाराकडे जावं की बाहेर निघून जावं, काही सुचेना.

"थांब पोरी, लिहू नकोस. अजून संपलं नाही," ब्लाझो म्हणाला. त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता, पाठ नसलेलं म्हणताना होतो तसा. "आणि ब्लाझो याग्लिकाचा. याग्लिका नदीपलीकडची. साखरेने आंधळी झाली, साखरेने गेली. आणि... यापुढे कसं म्हणतात ते मला माहीत नाही. आणि ब्लाझो भाऊ रोसांदाचा. तिला नऊ वर्षं साखर आहे. बाहेर उभी आहे, काळा रुमाल. फार भांडखोर आहे. लिही, आमच्या घरातली."

मी भिंतीला टेकले. एका परक्या बाईने मला विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, वाटतंय, वाटतंय.

मग आतून वेगळीच हाक आली, जराशी घाईची. "रोसांदा! आत ये बरं. ही पोर सुई घेऊन उभी राहिलीये."

मी गेले. आमचा चौदा पिढ्यांचा वीर पांढराफटक पडला होता. मी त्याचा दुसरा हात धरला. त्याने माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली.

"टोचलं नाही अजून?" त्याने डोळे मिटून विचारलं.

"काका, झालंसुद्धा," सेन्का म्हणाली.

आकडा आला तेव्हा तिने तो दोनदा बघितला. पुरतं रक्तही घेतलं, प्रयोगशाळेत पाठवायला. ते सगळं दुपारी कळलं, आणि दुपारपर्यंत आम्ही दोघांनी तो बोळ झिजवला. "साखर झालेली नाही," तिने शेवटी सांगितलं. "पण अगदी उंबरठ्यावर उभे आहात. वर्षभर असंच चाललं असतं तर आत गेला असता. आता चालायला लागा, पोट उतरवा, पांढरा ब्रेड आणि गोड आवरा. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, काका. आत गेल्यावर कठीण."

"जीप विकायची का?"

"जीप असू दे. किल्ली बहिणीकडे द्या."

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. मी त्याला पिशवीतलं सफरचंद दिलं, त्याने ते सालीसकट, बियांसकट खाल्लं.

"गावात माझं तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस," तो म्हणाला. "दुकानात गेलो तर दुकानदार म्हणतो, अरे तू उठलास कधी?"

मला हसू फुटलं. तोही हसला, पण लगेच गंभीर झाला.

"ती शेवटची ओळ काय होती? अर्धीच सोडलीस."

"विसरले."

"खोटं बोलतेस." त्याने देठ खिशात टाकला. "नको सांगू. पण पुन्हा असं करायचं नाही, रोसांदा. माझ्यादेखत मला रडायचं नाही. शपथ घे."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कुणाची घेऊ?" मी विचारलं.

ब्लाझोने टोपी डोक्यावर घातली. खालच्या ओठावर सफरचंदाची साल चिकटली होती. "माझीच घे," तो म्हणाला. "अजून आहे ना मी."